निळवंतीचा उतार

वणी गावात कुठेही उभं राहून उत्तरेकडे मान वळवली की सातमाळेची रांग दिसते. पश्चिमेला हातगड, मग अचला, अहिवंत, मोहनदरी. मधोमध सप्तशृंग आणि त्याच्यासमोर मार्कंड्या. पुढे रवळ्या-जावळ्या, धोडप, कांचना करत ही रांग चांदवडकडे उतरते. अलीकडे दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागा आणि टोमॅटोचे मळे, पलीकडे कळवण. धारेच्या अलीकडे पडलेला पाऊस गोदावरीला जातो, पलीकडे पडलेला गिरणेला. पश्चिमेकडून येणारे ढग पेठ-सुरगाण्यावर रिते होत होत इथवर पोचतात आणि चांदवड-मनमाडच्या बाजूला गेलं की पावसाचा हात आखडतो. ओल्या आणि कोरड्या मुलखाच्या अशा सीमेवर हे डोंगर उभे आहेत.

सप्तशृंगी देवीच्या गडाबद्दल या भागात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लक्ष्मणाला शक्ती लागली तेव्हा हनुमान संजीवनीच्या शोधात हिमालयात गेला आणि वनस्पतींनी भरलेला डोंगरच उचलून घेऊन गेला. त्या डोंगराचा एक तुकडा वाटेत निसटून पडला, तो हा सप्तशृंग. म्हणून गडावरच्या झाडपाल्याला गुण आहे, अशी श्रद्धा. नवरात्रात आणि चैत्रात खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांपैकी अनेकांना ही कथा तोंडपाठ असते.

ती कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यातल्या हिमालयाच्या तुकड्याचा मला खऱ्या अर्थाने विचार करायला लावलं ते एका निळ्या फुलाने. त्याचं मराठी नाव निळवंती, शास्त्रीय नाव डेल्फिनियम मलबारिकम. डेल्फिनियम हा थंड प्रदेशातला वंश. त्याच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक हिमालय, चीन, मध्य आशिया, युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या डोंगर-कुरणांत वाढतात. आपल्या देशात या वंशाची वस्ती प्रामुख्याने हिमालयात आहे. तिथून शेकडो कोस दक्षिणेला, मधली सगळी उष्ण मैदानं ओलांडून, या वंशाची एक जात सह्याद्रीत नांदते. ती जगात दुसरीकडे कुठेही नाही. पुणे, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांतल्या डोंगरउतारांवर ती भाद्रपदाच्या अखेरीपासून फुलू लागते आणि दिवाळीच्या आसपास तिचा बहर सरतो. गडावर नवरात्राची गर्दी लोटते, नेमका तोच निळवंतीचा हंगाम.

शेपटीची खूण

निळवंती ओळखायची तर आधी तिच्या पाठीकडे पाहावं. फुलाच्या मागे एक लांब, पोकळ, किंचित वर उचललेली शेपटी असते. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तिला शुंडिका म्हणतात. समोरून आपल्याला ज्या पाच निळ्या पाकळ्या दिसतात, त्या खरं तर पाकळ्या नव्हेतच. ती निदलं आहेत. एरवी फुलाच्या बुडाशी हिरवी राहून कळी सांभाळणारी निदलं इथे रंग घेऊन पुढे आली आहेत. त्यांतलं वरचं निदल मागे वाढून शेपटी बनतं. खऱ्या पाकळ्या चार, लहान, फुलाच्या तोंडाशी दाटीने बसलेल्या. त्यांतल्या वरच्या दोघींच्या स्वतःच्याही बारीक शेपट्या असतात आणि त्या मोठ्या शेपटीच्या आत सरकवलेल्या असतात. मकरंद असतो तो तिथे, अगदी टोकाशी. खालच्या दोन पाकळ्यांवर बारीक लव असते.

झाड कमरेएवढं, कधी त्याहून थोडं उंच. पानं बहुतेक सगळी बुंध्याशी, गोलसर आणि हस्ताकृती, खोलवर चिरलेली. वर दांडा जवळजवळ उघडा आणि त्यावर अंतराअंतराने फुलं. जमिनीखाली जाड, गाठीसारखी मुळं. पावसाळा संपला की वरचं सगळं वाळून जातं आणि झाड त्या गाठींत पुढच्या मृगाची वाट पाहतं.

शेपटीवाली फुलं सह्याद्रीत आणखीही आहेत, म्हणून नुसत्या शेपटीवर विसंबून चालत नाही. तेरड्याच्या फुलालाही मागे बारीक, वाकडी शेपटी असते. पण तेरडा गुलाबी, त्याची पानं दांड्यावर वरपर्यंत आणि तो रस्त्याकडेला, बांधावर, ओलसर सावलीत दाटीने उगवतो. सीतेची आसवं म्हणून ओळखलं जाणारं जांभळट-निळं फूल तर निळवंतीच्याच रंगाजवळचं आणि त्यालाही शेपटी. ते मात्र वीतभरही उंच नसतं आणि सड्यावरच्या पाणथळ, चिखलट जागेतच दिसतं, कारण ते मातीतले सूक्ष्म जीव पकडून खाणारं आहे. निसुर्डीची निळी फुलं दुरून निळवंतीसारखी भासतात. जवळ गेल्यावर तिच्या सपाट, पाचपाकळी फुलाला शेपटी नसल्याचं दिसतं आणि बुडाशी मोठमोठी खरखरीत पानं असतात.

ही चार फुलं एकमेकांशेजारी क्वचितच भेटतात. तेरडा बांधावर, सीतेची आसवं सड्यावर, निसुर्डी माचीच्या आणि झुडपांच्या कडेने आणि निळवंती उभ्या गवताळ उतारावर. फूल हातात न घेता, नुसतं ते कुठे उभं आहे एवढं नीट पाहिलं तरी ओळखीचं अर्धं काम झालेलं असतं. रानफुलांच्या नादाला लागलेल्या नव्या मुलांना मी हेच सांगतो: मोबाइल फुलाजवळ नेण्याआधी दहा पावलं मागे या आणि जागा पाहा.

फुलांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. निळवंतीच्या दांड्यावर फुलं खालून वर उमलत जातात. प्रत्येक फुलात आधी परागकोश पिकतात, कुक्षी मागाहून तयार होते. त्यामुळे एकाच दांड्यावर खालची फुलं मादीच्या अवस्थेत आणि वरची नराच्या अवस्थेत असतात. लांब जिभेची माशी खालच्या फुलापासून सुरुवात करते आणि एकेक पायरी वर चढत जाते. शेवटी वरच्या फुलातले पराग अंगावर घेऊन उडते आणि दुसऱ्या झाडाच्या खालच्या फुलावर उतरते. तिथली कुक्षी तयारच असते. स्वतःचेच पराग स्वतःवर पडू नयेत यासाठी झाडाने काळाची अशी मांडणी केली आहे. गवतात उकिडवं बसून, हालचाल न करता, एका दांड्यावर थोडा वेळ नजर ठेवली तर हे सगळं उघड्या डोळ्यांना दिसतं. त्यासाठी भिंग लागत नाही, सवड लागते.

निळवंतीच्या कुळातली इतर मंडळी मराठी घराला अनोळखी नाहीत. रानात झुडपांवर चढणारी मोरवेल याच कुळातली. स्वयंपाकघरातली कलौंजी याच कुळातली. आयुर्वेदातले बचनाग आणि अतिविषही इथलेच. कुळात औषधही आहे आणि जहरही, म्हणून निळवंतीचं मूळ उकरून पाहण्याचा उत्साह कुणी करू नये. डेल्फिनियम वंशातल्या अल्कलॉइडांनी अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या कुरणांवर गुरं दगावतात, हा तिथल्या पशुपालकांचा जुना अनुभव आहे.

दुसऱ्याच्या नावावर

हे फूल शास्त्राच्या वह्यांत बऱ्याच काळापासून आहे, पण त्याला स्वतःचं नाव मिळायला वेळ लागला. थिओडोर कुक हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१पासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागला. वनस्पतींच्या त्या काळच्या वर्गीकरणात मोरवेलीचं कूळ सगळ्यांत आधी येई. त्यामुळे निळवंती ग्रंथाच्या आरंभीच्या पानांवरच आहे. मात्र तिथे तिचं नाव आहे डेल्फिनियम डॅसिकॉलॉन. ती मुळात आफ्रिकेतली, अ‍ॅबिसिनियाच्या डोंगरांतून वर्णन झालेली जात. दोन्ही झाडं दिसायला जवळची, म्हणून सह्याद्रीचं झाड आफ्रिकेच्या झाडाच्या नावावर जमा झालं.

त्याआधीच एर्न्स्ट हूथ या जर्मन अभ्यासकाने १८९५ साली डेल्फिनियम वंशाचा मोठा आढावा घेतला. आपल्याकडचं झाड थोडं वेगळं आहे, हे ध्यानात घेऊन ते आफ्रिकी जातीचाच एक वाण म्हणून वेगळं काढण्यात आलं. पुढे कॅलिफोर्नियाचे फिलिप मुन्झ यांनी १९६०च्या दशकात आशियातल्या डेल्फिनियमची फेरतपासणी केली आणि सह्याद्रीच्या निळवंतीला स्वतंत्र जातीचा मान दिला. आज तिच्या नावापुढे या दोघांची नावं लागतात.

ही केवळ कागदावरची दुरुस्ती नव्हती. निळवंती आफ्रिकी जातीत गणली जात होती तोवर ती दोन खंडांत पसरलेली, फारशी चिंता करण्याजोगी नसलेली वनस्पती होती. ती स्वतंत्र जात ठरली, तशी ती सह्याद्रीच्या काही मोजक्या डोंगरांपुरती उरली आणि त्या डोंगरांवरची जबाबदारी एकाएकी आपली झाली. अचूक ओळख म्हणजे अशी जबाबदारी अंगावर घेणं. पुढच्या काळात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात निळवंतीच्या परागीभवनावर आणि पुनरुत्पादनावर काम झालं. नाशिक जिल्ह्यापुरतं बोलायचं तर लक्ष्मीनरसिंहन आणि बी. डी. शर्मा यांनी तयार केलेला जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९९१ साली प्रसिद्ध केला. इथल्या रानात फिरणाऱ्याला आजही त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

उताराची घडण

वणीच्या वरच्या बाजूला, सातमाळेच्या एका सोंडेवर मी निळवंती पाहिली. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आजकाल एका फोटोबरोबर जागेचा ठिकाणा गेला की पुढच्या रविवारी तिथे गाड्या लागतात.

उतार उत्तरेकडे तोंड करून होता. त्यामुळे दुपारचं ऊन तिथे तिरपं पडत होतं. आपले डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचे. कठीण थर कडा होऊन उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून कडा, खाली उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार अशी पायऱ्यांची घडण. वरच्या कड्यातून पाझरणारं पाणी उताराच्या मातीत मुरतं आणि पाऊस थांबल्यावरही काही आठवडे ती ओल टिकून राहते. माती जाड नाही. हाताने उकरलं तर थोड्याच खोलीवर मुरूम लागतो. एवढ्या मातीत मोठी झाडं धड मूळ धरत नाहीत. गवत मात्र नांदतं आणि गवताच्या मुळांच्या जाळ्यात कंदवर्गीय वनस्पतींना आसरा मिळतो.

या उतारावरचं वर्ष ठरलेलं असतं. मृगाच्या सरींनी काळी मुसळी आणि कुलू वर येतात. कुलूची कोवळी पानं भाजीसाठी खुडली जातात. आषाढ-श्रावणात आमरीची पांढरी फुलं आणि सापकांदा. भाद्रपदात सोनकीचं पिवळं, कवळ्याचं पिवळं, आभाळीचं जांभळं. तोवर गवत गुडघ्याच्या वर गेलेलं असतं. पवना, मारवेल, कुसळी, सगळ्यांना तुरे येतात. मग या उंच गवताच्या वरून डोकं काढते ती निळवंती. तिचा दांडा एवढा लांब का, याचं उत्तर तिथे उभं राहिल्यावर मिळतं: गवताच्या वर आलं नाही तर माशीला दिसणार कसं? तिच्या उंचीचा हिशेब शेजारच्या गवताच्या उंचीशी बांधलेला आहे.

गवताचा कापणीशीही संबंध आहे. या भागात कार्तिक-मार्गशीर्षात डोंगरावरचं वाळलेलं गवत कापून खाली आणलं जातं, गंजी रचल्या जातात. तोपर्यंत निळवंतीची तीन-तीनच्या जुडग्यातली फळं सुकून तोंडाशी उकललेली असतात आणि बी मातीत पडलेलं असतं. माणसाचा विळा तिचं आयुष्य संपल्यावर फिरतो. फाल्गुन-चैत्रात वणवा आला तर वरचं सगळं जळतं. कंद जमिनीखाली शाबूत राहतो, पण नुकतं पडलेलं बी आणि कोवळी रोपं वणव्यापुढे टिकतील याची हमी नसते. म्हणजे ठरल्या वेळची कापणी तिला चालते, वर्षानुवर्षं मुद्दाम लावलेली आग नाही.

इथे गुरं चारणाऱ्या कोकणा आणि महादेव कोळी घरांतल्या वडीलधाऱ्यांशी बोललं की फुलाचं नाव प्रत्येकाला सांगता येईलच असं नाही. मात्र कुठल्या उतारावर कुठलं गवत, कुठे पाझर उशिरापर्यंत टिकतो, कुठली सोंड गुरांसाठी कधी मोकळी करायची, हे त्यांना अचूक ठाऊक असतं. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव मांडणाऱ्या या समाजाला डोंगर म्हणजे रिकामी जागा वाटत नाही. वनस्पतिशास्त्राच्या वहीत ज्याला अधिवास म्हणतात, त्याचा नकाशा या माणसांच्या डोक्यात आहे.

अंजनेरीचा धडा

एका फुलावरून डोंगर कसा वाचवता येतो, याचं उदाहरण वणीपासून फार दूर नाही. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरी डोंगरावर एक कंदीलपुष्प सापडलं. ते वेलासारखं न चढता ताठ उभं राहणारं, छोटं झाड. मालपुरे, कांबळे आणि एस. आर. यादव यांनी २००६ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि डोंगराच्या नावावरून त्याला सेरोपेजिया अंजनेरिका म्हटलं.

कंदीलपुष्पाची रचना निळवंतीपेक्षा अगदी निराळी. फुगीर बुडाची एक नळी आणि वर टोकांशी जुळलेल्या पाकळ्या. नळीच्या आत खाली वळलेले राठ केस. बारीक माशी वासाने आत शिरते आणि केसांमुळे तिला परत फिरता येत नाही. काही काळाने केस कोमेजतात, माशी सुटते. सुटताना परागांच्या पिशव्या तिच्या सोंडेला अडकलेल्या असतात. त्या घेऊन ती पुढच्या फुलात जाते. निळवंती माशीला मकरंद देते, कंदीलपुष्प तिला चकवतं. पण दोघांची भूमी एकच: डोंगरावरचं आखूड मातीचं गवत.

या कंदीलपुष्पासाठी आणि अंजनेरीच्या एकूण वनस्पतीवैभवासाठी नाशिकच्या अभ्यासक जुई पेठे यांनी दीर्घकाळ काम केलं. २०१७ साली अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तरीही डोंगरावर थेट वाहनरस्ता नेण्याचा प्रस्ताव आलाच आणि २०२१मध्ये त्याला नाशिककरांनी कसून विरोध केला. त्यानंतर ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेचा विषय निघाला, तेव्हाही तोच वाद पेटला. दर्जा मिळाला म्हणून पहारा संपत नाही, हे अंजनेरीने शिकवलं. दुसरी गोष्टही शिकवली: फुलाला नाव नसतं तर विरोध करणाऱ्यांच्या हाती धरायला काही नसतं. प्रशासनाला ‘निसर्ग वाचवा’ म्हणणं आणि ‘ही जात पहिल्यांदा याच डोंगरावर सापडली आहे’ म्हणणं यांत फार अंतर आहे.

प्रेअरीत उरलेले कोपरे

निळवंतीची एक बहीण अमेरिकेच्या प्रेअरीत वाढते. तिथल्या मध्यभागातल्या अफाट गवताळ मैदानांवर डेल्फिनियम कॅरोलिनियानम ही फिकट निळ्या-पांढऱ्या फुलांची जात आढळते. त्या मैदानांची कथा आपल्या डोंगरांना इशारा देणारी आहे. एकोणिसाव्या शतकात पोलादी नांगर आला आणि प्रेअरीची काळी, सुपीक जमीन मक्याखाली गेली. इलिनॉय राज्याला ‘प्रेअरीचं राज्य’ म्हणतात, पण तिथे मूळ प्रेअरीचा एक टक्काही शिल्लक नाही.

उरलं ते कुठे? रेल्वेरुळांच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींच्या कोपऱ्यांत, जिथे नांगर फिरला नाही. आल्डो लिओपोल्ड या पर्यावरणचिंतकाच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकात विस्कॉन्सिनमधल्या अशाच एका दफनभूमीच्या कोपऱ्यात तग धरून राहिलेल्या पिवळ्या प्रेअरी-फुलाविषयी लिहिलेलं आहे. त्याच राज्याच्या मॅडिसन शहरात, विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात, १९३०च्या दशकात नांगरलेल्या जमिनीवर प्रेअरी पुन्हा उभी करण्याचा जगातला पहिला मोठा प्रयोग सुरू झाला. तो आजही चालू आहे. इतक्या दशकांच्या मेहनतीनंतरही तिथले शास्त्रज्ञ हे बजावतात की पुन्हा लावलेली प्रेअरी मूळ प्रेअरीची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. मातीतली बुरशी, कीटक, मुळांचे जुने संबंध परत आणता येत नाहीत.

सातमाळेवर नांगराला अडवण्याचं काम उताराने केलं. खालची जमीन सगळी लागवडीखाली आली. धरणांच्या पाण्याने दिंडोरीचं शिवार बागायती झालं आणि त्यात गैर काही नाही, लोकांचं पोट त्यावर आहे. पण नांगर आणि ट्रॅक्टर कड्याखालच्या उतारावर चढू शकले नाहीत. देवीच्या गडाखालची ही गवताळ पट्टी अवघड होती, म्हणून राहिली. आता मात्र अवघडपणाचं संरक्षण संपत आलं आहे. जेसीबी कुठेही चढतो.

‘पडीक’ कोण ठरवतं?

सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद पोटखराब म्हणून होते. गावच्या बोलीत ती पडीक, माळ, गायरान. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळरानं आणि खालावलेली कुरणं ओसाड जमिनीच्या वर्गात येतात. एकदा जमीन ओसाड ठरली की ती सुधारण्याची घाई सुटते. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची उद्दिष्टं २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी अशी चढत गेली. हेतू चांगला होता. उघडे बोडके झालेले, एकेकाळी जंगल असलेले उतार पुन्हा हिरवे व्हायलाच हवेत. पण लागवडीला सोपी जागा म्हणून कित्येक ठिकाणी जुन्या गवताळ उतारांवरच खड्डे पडले, सलग समतल चर खणले गेले, गिरिपुष्पासारखी बाहेरची, झपाट्याने वाढणारी झाडं लावली गेली. चर खणला की कंद उघडे पडतात. झाड वाढलं की सावली पडते आणि उन्हात वाढणारं गवत मागे हटतं. गवत गेलं की निळवंती जाते. कागदावर मात्र त्या जागी हिरवाई वाढल्याची नोंद होते.

गवताळ मुलूख म्हणजे तोडलेलं जंगल, हा समज आपल्या मनात खोल रुतला आहे. त्याला आता उत्तर मिळू लागलं आहे. २०२२ साली एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी देशातल्या कोरड्या भागांतल्या खुल्या परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबाने भारताच्या सुमारे दहा टक्के जमिनीवर अशी माळरानं आणि गवताळ प्रदेश आहेत आणि त्यांतला फार थोडा भाग संरक्षित आहे. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तर थेट जुन्या मराठी वाङ्मयाला साक्षीला बोलावलं. संतचरित्रं, ओव्या, लोककथा यांतले वनस्पतींचे उल्लेख गोळा करून त्यांनी दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं किमान साडेसातशे वर्षं जुनी आहेत. जंगल तुटल्यामुळे ती अलीकडे तयार झाली, हे खरं नाही. त्यांनी नोंदवलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी सुमारे दोन तृतीयांश माळरानाच्या होत्या. आपल्या पूर्वजांनी माळ पाहिला, त्याची झुडपं ओळखली, ती आपल्या कथांत घेतली. तो पडीक आहे असं त्यांना वाटलं नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊन चालत नाही. सातारच्या कास पठाराला २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पर्यटकांची झुंबड उडाली आणि फुलं वाचवण्यासाठी जाळीचं कुंपण घालण्यात आलं. गुरांची चराई थांबली, गवत माजलं आणि फुलं घटल्याची तक्रार स्थानिक लोक करू लागले. शेवटी ते कुंपण काढावं लागलं. गवताळ जागेला गुरं, विळा आणि माणूस यांची जोड असते. ती जोड तोडून जागा वाचत नाही आणि ती बेसुमार वाढूनही वाचत नाही.

सप्तशृंगाभोवतीची जोड आज बिघडते आहे. यात्रेच्या वाटांवर प्लॅस्टिक, कड्याकडेला घाणेरीचं रान, रस्त्याच्या कडेने सरकणारा केशरी कॉसमॉस. हा कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा. तो फुलला की लोक गाडी थांबवून कौतुकाने फोटो काढतात आणि पुढच्या वर्षी तो आणखी शंभर पावलं पुढे सरकलेला असतो. त्याला रानफूल समजणाऱ्या डोळ्याला निळवंती गेल्याचं कळणारही नाही. मूळचं फूल आणि आगंतुक फूल यांतला फरक कळणं ही हौशी माणसाची चैन नाही. डोंगराचं काय चाललं आहे हे समजण्याची ती पहिली पायरी आहे.

गावाच्या वहीत

उपाय सगळे मोठे आणि महागडे नाहीत. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. बऱ्याच गावांत ही वही एकदा भरून कपाटात गेली. त्यात झाडांची, पिकांची, पक्ष्यांची यादी असते, पण जागा नसतात. अमुक सोंड, अमुक उतार, तिथलं गवत कोणतं, पाझर कधीपर्यंत, कापणी कुठल्या महिन्यात, फुलं कोणती, असं त्या वहीत लिहिता येतं. ते सांगायला गुराखी आणि गवत कापणाऱ्या बाया आहेत, लिहायला शाळा-कॉलेजची मुलं आहेत आणि नाव पक्कं करायला नाशिक, पुणे, कोल्हापूरचे अभ्यासक आहेत. तिघं एकत्र आले तर सातमाळेच्या प्रत्येक गावाची नोंदवही खऱ्या अर्थाने भरेल. ठिकाणं जाहीर न करता ती ग्रामसभेच्या ताब्यात राहू शकतात.

मग पुढच्या पावसाळ्यात वृक्षलागवडीची जागा ठरवताना वनरक्षक आणि सरपंच ती वही उघडतील. इथे एकेकाळी जंगल होतं, इथे झाडं लावा. इथे गवतच होतं, इथे खड्डा नको. एवढा एक निर्णय कागदावर आला तर कित्येक उतार वाचतील. कापणी दिवाळीनंतरच, बी पडल्यावरच, असा गावठराव झाला तर त्याला एक रुपयाही खर्च नाही. गवतात आग लावल्याने पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, ही समजूत प्रत्येक उतारावर तपासून पाहण्याची गरज आहे आणि तेही गावालाच करता येईल.

आणि आपण, जे गडावर दर्शनाला जातो? पुढच्या आश्विनात नांदुरीकडून घाट चढताना एकदा गाडीची काच खाली करून उताराकडे पाहा. फूल दिसलं तर ते खुडू नका, कंद उकरू नका, जागेचा ठिकाणा समाजमाध्यमावर टाकू नका. त्याऐवजी तारीख, उताराची दिशा, शेजारचं गवत आणि सोबतची फुलं टिपून घ्या आणि ती नोंद त्या गावच्या समितीकडे द्या. संजीवनीच्या कथेत हनुमानाला नेमकी वनस्पती ओळखता आली नाही, म्हणून त्याने अख्खा डोंगर उचलला. आपल्याला वनस्पती ओळखता येते. म्हणून अख्खा डोंगर जपण्याची सबब आपल्याकडे अधिक पक्की आहे आणि ती पहिल्यांदा ग्रामसभेच्या वहीत लिहिली गेली पाहिजे.